शिकागोच्या तीन रात्री आणि गाळलेला डार्क स्टार

९ जुलै १९९५. शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियममध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम संपत आला होता. बँडचा मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सियाने ‘ब्लॅक मडी रिव्हर’ म्हटलं. आवाज थकलेला होता, बोटंही पूर्वीसारखी चालत नव्हती. त्यानंतर बास वाजवणाऱ्या फिल लेशने ‘बॉक्स ऑफ रेन’ धरलं आणि लोक घरी गेले. बरोबर एका महिन्याने, ९ ऑगस्टला, कॅलिफोर्नियातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गार्सिया झोपेतच गेला. वय ५३. त्या रात्री सोल्जर फील्डवर आपण निरोप घेतोय, हे ना वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं ना ऐकणाऱ्यांना.

३ जुलै २०१५. तेच स्टेडियम. बँडमधले चौघे मंचावर आले. बासवर लेश, गिटारवर बॉब वीअर, ड्रम्सवर बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट. पहिलं गाणं कुठलं? ‘बॉक्स ऑफ रेन’. लेशनेच लेखक रॉबर्ट हंटरबरोबर रचलेलं, वडील शेवटच्या आजारात असताना त्यांच्यासाठी केलेलं गाणं. वीस वर्षांपूर्वी जिथे दोरा तुटला होता तिथेच गाठ मारायची, हे ठरवून केलेलं होतं. समोरच्या ७० हजारांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

३ ते ५ जुलै अशा या तीन रात्रींचं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी २० नोव्हेंबरला राइनो कंपनीने बाजारात आणलं. नाव लांबलचक: ‘फेअर दी वेल: सेलिब्रेटिंग फिफ्टी इयर्स ऑफ द ग्रेटफुल डेड’. मी तो अल्बम गेल्या काही वर्षांत तुकड्यातुकड्याने, पुन्हा पुन्हा ऐकला आहे, आणि दर वेळी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो. संगीत आणि निरोप यांतलं एकच निवडायची वेळ आली तेव्हा करणाऱ्यांनी निरोप निवडला. तो का निवडला, आणि त्यात काय हातचं गेलं?

गादी रिकामी, वारस चार

ज्यांचा या बँडशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, पालो अल्टो भागात ही मंडळी जमली. आधी नाव होतं वॉरलॉक्स. कादंबरीकार केन कीसी आणि त्याच्या टोळक्याने भरवलेल्या ‘अ‍ॅसिड टेस्ट’ नावाच्या रात्रींमध्ये ते वाजवायचे. अ‍ॅसिड म्हणजे एलएसडी, भास घडवणारं मादक द्रव्य. त्यावर कॅलिफोर्नियात तोवर बंदी नव्हती. ती ऑक्टोबर १९६६ मध्ये आली. त्या रात्रींना कार्यक्रमपत्रिका नसायची. गाणं कुठे सुरू होईल आणि कुठे संपेल हे कुणी ठरवलेलं नसायचं. सायकेडेलिक रॉक म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याचा यांच्यापुरता पाया तिथे पडला: ठरलेल्या चालीतून सुटायचं, भटकायचं, आणि जमलं तर परत यायचं.

पुढच्या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २३०० कार्यक्रम केले. स्टुडिओतले अल्बम हा त्यांच्या दृष्टीने जोडधंदाच. गाणं तेच, पण मंगळवारी दहा मिनिटांत आटोपलेलं शुक्रवारी पंचवीस मिनिटं चालायचं. रागदारी ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. बंदिश एकच असते, बढत रोजची निराळी. रॉकच्या जगात मात्र हे विपरीतच होतं. म्हणून लोक एकामागून एक कार्यक्रमांना जात, गाडी घेऊन बँडच्या मागे गावोगाव हिंडत, आणि टेप करत. बँडने त्यांना हाकललं नाही. उलट १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच दिली. त्या टेपा विकायच्या नाहीत, एकमेकांत वाटायच्या, एवढाच दंडक.

अशा बँडचा पुनर्मीलनाचा अल्बम काढायचा म्हणजे काय करायचं, ही या प्रकरणातली मूळ अडचण. ज्यांचं सगळं वैभव ‘आज जे झालं ते उद्या नाही’ यात होतं, त्यांची एक रात्र ‘शेवटची’ म्हणून डब्यात भरायची होती.

शिवाय गार्सिया नव्हता. त्याच्या पश्चात चौघांनी ग्रेटफुल डेड हे नाव बाजूला ठेवलं, आणि ते शहाणपणाचं होतं. त्यानंतर दी अदर वन्स झालं, दी डेड झालं, लेशचं मित्रमंडळ झालं, वीअरचं रॅटडॉग झालं, वीअर आणि लेश यांचं फर्दर झालं. कधी दोघे एकत्र, कधी चौघे, मधूनच अबोला. गुरू गेल्यावर घराण्यात जे होतं तेच. २०१४ मध्ये फर्दरही मिटलं. पन्नाशी तोंडावर आली तेव्हा चौघांना एका मंचावर आणण्याचं काम पीटर शपिरो या न्यूयॉर्कच्या आयोजकाने अंगावर घेतलं. १६ जानेवारी २०१५ ला घोषणा झाली: ३, ४ आणि ५ जुलै, सोल्जर फील्ड, आणि हे चौघे एकत्र दिसण्याची ही शेवटची वेळ. ‘ग्रेटफुल डेड वाजवणार’ असं मात्र कुठेही म्हटलं नव्हतं. ग्रेटफुल डेडची पन्नास वर्षं साजरी करणार, असं म्हटलं होतं. अल्बमच्या नावातही हा फरक कसोशीने पाळला आहे.

गिटार कुणाच्या हाती

सर्वांत मोठा वाद इथेच. गार्सियाच्या जागी गेल्या वीस वर्षांत अनेक जण उभे राहिले होते. वॉरन हेन्स, जिमी हेरिंग, स्टीव्ह किमॉक, आणि हुबेहूब गार्सियासारखा आवाज काढणारा जॉन कॅडलेसिक. यांपैकी कुणालाही न घेता फिश या बँडचा ट्रे अनास्टॅसिओ निवडला गेला. फिश १९८३ मध्ये व्हरमाँटमध्ये सुरू झालेला. लांबलचक वादनाची रीत डेडकडून घेतलेला, पण स्वतःचा मोठा श्रोतृवर्ग असलेला. दोन्हीकडच्या भक्तांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, हे सांगायला नकोच. पियानोवर ब्रूस हॉर्न्सबी आला, तो १९९० ते १९९२ या काळात बँडबरोबर शंभरहून अधिक वेळा वाजवलेला. ऑर्गन आणि इतर की-बोर्ड जेफ किमेंटीकडे. गार्सिया गेल्यानंतरच्या बहुतेक सगळ्या फळ्यांत किमेंटी होता. सगळ्यांना सांभाळून घेणारा, न बोलणारा माणूस. अल्बम हेडफोनवर ऐकाल तर गाडी रुळावर कोण ठेवतंय ते लगेच कळतं.

अनास्टॅसिओची निवड मला बरोबर वाटते. हुबेहूब नक्कल करणारा घेतला असता तर ती श्रद्धांजलीची मैफल झाली असती आणि गार्सियाची उणीव क्षणोक्षणी जाणवली असती. अनास्टॅसिओने कित्येक महिने गाणी घोटली. वीअरबरोबर बसला, लेशबरोबर बसला. मंचावर मात्र पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं तसा जपून वागला, आणि हाच अल्बमचा गुण आहे तसा दोषही. पहिल्या रात्री कित्येक ठिकाणी तो एक पाऊल मागे आहे, दुसऱ्याने वाट दाखवण्याची वाट बघतोय. चाहत्यांना हे दिसलंच. ‘ट्रेला गाऊ द्या’ अशी मागणी सुरू झाली, आणि शिकागोत खुद्द वीअर तेच शब्द छापलेला टी-शर्ट घालून मंचावर आला. थट्टा करण्याची वीअरची ही पद्धत मला फार आवडते. तक्रार त्याच्याविरुद्धच होती, कारण गाणी तोच जास्त म्हणत होता.

पाकिटं

तिकिटांची कथा संगीताची नाही, पण ती सोडली तर अल्बममधला तो आवाज, तो गदारोळ, समजणार नाही.

बँडची जुनी रीत होती टपालाने तिकिटं मागवायची: छोट्या कार्डावर मागणी लिहायची, मनीऑर्डर जोडायची, आणि पाकिटावर रंगीत चित्रं काढायची. आपलं पाकीट नजरेत भरावं म्हणून सुरू झालेली ही प्रथा पुढे स्वतंत्र कलाच झाली. २०१५ मध्येही तसंच ठरलं. पत्ता स्टिन्सन बीच या समुद्रकाठच्या लहानशा गावाचा. त्या गावाच्या टपाल कचेरीत ६० हजारांहून अधिक पाकिटं येऊन पडली. गुलाब, कवट्या, नाचरी अस्वलं, इंद्रधनुष्यं. त्यातल्या बहुतेकांना नकार गेला, कारण मागणी होती साडेतीन लाखांहून जास्त तिकिटांची. इंटरनेटवर विक्री उघडली त्या दिवशी रांगेत लाखो लोक होते. छापील किंमत सुमारे ६० ते २०० डॉलर. फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर तीन दिवसांच्या एका पासासाठी लाखभर डॉलरची मागणी झाल्याच्याही बातम्या आल्या. ते कुणी दिले असतील असं नाही, पण मागण्याची हिंमत झाली.

फुकट टेपा वाटू देणारा बँड, आणि हा बाजार! जुने चाहते चिडले, आणि ते रास्तच होतं. आयोजकांनी मग मंचामागच्या जागाही खुल्या केल्या आणि कॅलिफोर्नियात सॅंटा क्लाराच्या लिव्हाइज स्टेडियममध्ये २७ आणि २८ जूनचे दोन कार्यक्रम वाढवले. घरच्या गावाजवळ दोन रात्री, मग शिकागोत तीन. पाच कार्यक्रमांची तिकीटविक्री ५ कोटी डॉलरच्या पुढे गेली. शिवाय पैसे भरून घरबसल्या पाहण्याची सोय होती आणि चित्रपटगृहांतही दाखवलं गेलं.

सॅंटा क्लाराचं इंद्रधनुष्य

२७ जूनला जे झालं ते या प्रकरणातलं सर्वांत गमतीचं. पहिला भाग संपत असताना, ‘व्हायोला ली ब्लूज’ चालू असताना, स्टेडियमवर इंद्रधनुष्य उमटलं. एका नामांकित संगीत नियतकालिकाने लगेच बातमी दिली की ५० हजार डॉलर खर्चून ते तयार केलं होतं. अर्थात खोटं. पाऊस आणि मावळतीचं ऊन, एवढंच त्यामागचं तंत्र. पण लोकांनी बातमीवर विश्वास ठेवला, कारण या मंडळींच्या बाबतीत काहीही शक्य आहे अशी ख्याती होती.

त्या रात्रीच्या गाण्यांची निवडही वेगळी होती. जवळजवळ सगळी १९६० च्या दशकातली किंवा त्याला लागून असलेली. ‘अ‍ॅलिगेटर’, ‘बॉर्न क्रॉस-आइड’, ‘क्रीम पफ वॉर’. दुसऱ्या भागात ‘डार्क स्टार’, ‘सेंट स्टीफन’, अकरा मात्रांचं ‘दी इलेव्हन’, शेवटाकडे ‘मॉर्निंग ड्यू’. सायकेडेलिक ग्रेटफुल डेड ज्याला म्हणावं ते हेच. चाचपडलेलं होतं, काही गाण्यांना धक्के बसले, लय मंद होती. तरी त्यात धोका पत्करलेला होता.

आणि हीच रात्र अधिकृत अल्बममध्ये नाही. पूर्ण संच घ्या, सुटा घ्या, निवडक घ्या: सगळं शिकागोचं.

शिकागो, रात्री तीन

संचात काय आहे ते पाहू. संपूर्ण पेटी १२ सीडींची, सोबत चित्रफितींच्या ७ डिस्क, आणि फक्त २० हजार प्रती. ज्याला एवढं नको त्याच्यासाठी ५ जुलैची एकच रात्र तीन सीडींवर, चित्रणासह. त्याहून कमी हवं असेल तर दोन सीडींवर निवडक. विक्रीच्या दृष्टीने उत्तम आखणी. मला यातली ५ जुलैची आवृत्ती सर्वांत एकसंध वाटते. निवडक दोन सीडी मात्र टाळाव्यात. गाणी एकमेकांत विरघळणाऱ्या बँडची गाणी कापून ओळीने मांडली की मधला सांधाच जातो, आणि यांची खुबी सांध्यात आहे.

३ जुलैच्या दुसऱ्या भागात एक जागा आहे, ती मराठी श्रोत्याने अवश्य ऐकावी. ‘स्कार्लेट बेगोनियाज’ संपता संपता दोन कॉर्डवर झुलणारं ‘फायर ऑन द माउंटन’ सुरू होतं आणि तिथून दोन्ही ड्रमवादकांचा ताबा. या गाण्याची वंशावळ माहीमपर्यंत जाते. मिकी हार्टने साठच्या दशकाच्या अखेरीस उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे धडे घेतले. पुढे त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात अली अकबर कॉलेजमध्ये शिकवू लागले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या ताल वाद्यवृंदातून हार्टबरोबर दिगा ऱ्हिदम बँड उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्यांचा अल्बम आला. त्यातल्या ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या तुकड्यात गार्सियाने गिटार वाजवली होती. त्याच तुकड्यावर हंटरचे शब्द बसले आणि ‘फायर ऑन द माउंटन’ झालं. हार्ट आणि झाकीरभाई यांची जोडी मग तुटली नाही. ‘प्लॅनेट ड्रम’ला १९९२ मध्ये जागतिक संगीताच्या विभागातलं पहिलं ग्रॅमी मिळालं.

त्याच रात्री ‘प्लेइंग इन द बँड’ही आहे. त्याचं आवर्तन दहा मात्रांचं. मूळ तुकड्याला हार्टने नावच ‘दी मेन टेन’ दिलं होतं. दहा म्हटलं की आपल्या हाताची बोटं आपोआप झपताल मोजू लागतात. विभागणी तीच नाही, पण चौघे कुठे मोकळे सुटतात आणि समेवर कसे परततात हे बोटांवर मोजत ऐकायला मजा येते. पहिल्या रात्रीत माझ्या मते सर्वांत जिवंत वादन इथेच आहे.

४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाणी लोकप्रिय, वादन सुखाचं, शेवट अर्थातच ‘यू. एस. ब्लूज’ने.

मध्यंतरात वाजलेलं संगीत मात्र चुकवू नये. बिल क्रॉइट्झमनचा मुलगा जस्टिन मध्यंतरात पडद्यावर दाखवायची दृश्यं करत होता. त्यांना साजेसं काही हवं म्हणून त्याने गिटारवादक नील कॅसल याला सांगितलं. कॅसलने तीन मित्र जमवून दोन दिवसांत पाच तासांहून अधिक वादन ध्वनिमुद्रित करून दिलं. पॉपकॉर्नच्या रांगेत उभे असलेले लोक विचारू लागले, हे कोण वाजवतंय? नोव्हेंबरअखेरीस त्याचा स्वतंत्र अल्बम निघाला आणि त्या चौकडीचा सर्कल्स अराउंड द सन हा बँडच झाला. निरोपाच्या समारंभात नवीन जन्मलेली गोष्ट एवढीच, आणि ती मुख्य मंचावर नव्हती.

५ जुलै. ‘चायना कॅट सनफ्लॉवर’मधून ‘आय नो यू रायडर’. या एका सांध्यात अनास्टॅसिओ पहिल्यांदा पाहुणेपण विसरतो. दुसऱ्या भागात ‘टेरापिन स्टेशन’, मग ड्रम्स, मग कुठल्याही चालीविना चालणारं ‘स्पेस’, मग लेशचं ‘अनब्रोकन चेन’. गार्सिया आणि हंटर यांच्या अगदी उत्तरकाळातलं ‘डेज बिट्वीन’ वीअर म्हणतो. आवाज फाटतो, आणि मला तो तसाच हवा आहे. ‘नॉट फेड अवे’ शेवटी. बँड थांबतो, मंच सोडतो, पण टाळ्यांचा तो ठेका आणि ती एक ओळ ७० हजार लोक धरून ठेवतात. एकही वाद्य नसलेला हा भाग मी इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळा ऐकला आहे.

मग लेश एकटा येतो. १९९८ मध्ये त्याच्यावर यकृत प्रत्यारोपण झालं होतं. तेव्हापासून कार्यक्रमांत तो अवयवदानाबद्दल दोन शब्द बोलायचा, तसाच बोलला. ‘टच ऑफ ग्रे’. शेवटी भैरवीच्या जागी ‘अ‍ॅटिक्स ऑफ माय लाइफ’, पडद्यावर जुने फोटो. गेलेले सगळे त्यात: गार्सिया, पिगपेन, कीथ, ब्रेंट, विन्स. की-बोर्ड वाजवणारे चौघे गेले आणि त्याच जागेवर बसलेले दोघे आज वाजवत होते. सगळ्यांत शेवटी मिकी हार्ट माइकपाशी येऊन म्हणाला, इथलं हे जे वाटतंय ते घरी न्या, त्यातून काही भलं करा, आणि माणसांशी मायेने वागा.

हिशेब

शिकागोच का छापलं, याचं उत्तर आता कठीण नाही. सॅंटा क्लाराला पूर्वकथा नव्हती. शिकागोला होती, आणि कथेला सुरुवात, मध्य, शेवट असा आकार होता. तीन रात्री, ‘ड्रम्स’ आणि ‘स्पेस’ सोडले तर एकही गाणं पुन्हा नाही. पन्नास वर्षांचा जणू आढावाच. अल्बम म्हणून तो व्यवस्थित आहे, फक्त या बँडला व्यवस्थितपणा कधीच मानवला नव्हता. लय बहुतेक ठिकाणी जड आहे आणि मोठ्या स्टेडियमचा दबाव वादनावर जाणवतो. १९७० च्या दशकातल्या कुठल्याही बऱ्या टेपपुढे हे वादन फिकं आहे, आणि हे चौघांनाही ठाऊक असणार. ज्यांना संगीतासाठी एकच अल्बम हवा आहे त्यांनी १९६९ चा ‘लाइव्ह/डेड’ घ्यावा, हा माझा प्रामाणिक सल्ला.

निरोप खरा ठरला का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला, कारण पेटी बाजारात येण्याआधीच, २९ ऑक्टोबर २०१५ ला, वीअर, हार्ट आणि क्रॉइट्झमन यांचा गिटारवादक-गायक जॉन मेयरबरोबरचा डेड अँड कंपनी हा नवा बँड मंचावर उतरला होता. फसवणूक झाल्याची ओरड झाली. अक्षरशः पाहिलं तर वचन मोडलं नाही. लेश त्यात नव्हता, आणि चौघांनी मिळून पुन्हा कार्यक्रम केला नाही. २५ ऑक्टोबर २०२४ ला लेश गेला, वयाच्या ८४ व्या वर्षी. त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. ‘बॉक्स ऑफ रेन’ त्यानंतर ऐकलं तेव्हा त्यातला लेशचा थोडा घोगरा, सुराच्या काठाकाठाने जाणारा आवाज मला पूर्वीपेक्षा फार वेळ पुरला.

सॅंटा क्लाराची ती इंद्रधनुष्याची रात्र राइनोच्या पेटीत नसली तरी हरवलेली नाही. ऐकणाऱ्यांनी ती आपापसांत फिरती ठेवली आहे, जशी चाळीस वर्षं ठेवत आले तशी, पैसे न घेता. तिथला ‘डार्क स्टार’ मधेच अडखळतो, दोन गिटारी एकमेकींची वाट अडवतात, आणि मग कुणीतरी, बहुधा लेश, खालच्या पट्टीत एक सूर धरून बसतो, बाकीचे त्याला सापडेपर्यंत.